चिनी पारंपरिक औषधांतले सक्रिय घटक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काष्ठौषधींचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. चीनच्या औषधांबद्दल तर जास्तच, कारण नावं अनोळखी असतात आणि दावे मोठे असतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे आपल्या ओळखीची वनस्पती निघते, तिथे तिचं मराठी नाव दिलं आहे.

सक्रिय घटक म्हणजे नेमकं काय?

कुठलीही मुळी घ्या, तिच्यात शेकडो रसायनं असतात. त्यातला मोठा भाग पिठूळ पदार्थ, तंतू, साखर आणि पाणी यांचा. आजारावर जो परिणाम दिसतो, तो बहुतेक वेळा त्यातल्या एखाद-दुसऱ्या रेणूमुळे किंवा रेणूंच्या एका छोट्या कुटुंबामुळे होतो. हाच सक्रिय घटक. मिरची तिखट लागते ती कॅप्सेसिनमुळे आणि चहाने झोप उडते ती कॅफिनमुळे, तसंच हे.

काही कुटुंबं जिभेला आणि डोळ्यांना ओळखता येतात. कडूजहर चव असेल तर अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजन असलेली रसायनं, असण्याची शक्यता मोठी. पाण्यात घुसळल्यावर रिठ्यासारखा फेस आला तर सॅपोनिन. जिनसेंगमधले जिनसेनोसाइड हे सॅपोनिनच आहेत. उग्र वास म्हणजे उडून जाणारी तेलं, आणि म्हणूनच अशा औषधी काढ्यात अगदी शेवटी टाकायच्या असतात.

जुन्या चिनी वैद्यांना हे घटक माहीत होते का?

रेणू माहीत नव्हते, परिणाम माहीत होते. त्यांची मांडणी वेगळी होती: औषध उष्ण की शीत, गोड, आंबट, कडू, तिखट की खारट. ली शिझेन यांनी सुमारे २७ वर्षं खपून जो औषधकोश रचला, तो १५९६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून झाला. त्यात १,८९२ द्रव्यांची नोंद आहे. कुठलं अंग घ्यायचं, कधी तोडायचं, कसं भाजायचं किंवा शिजवायचं याची बारीक माहिती त्या परंपरेत आहे, आणि माझ्या मते तिची खरी श्रीमंती तिथेच आहे.

एक उदाहरण मला फार आवडतं. मा-हुआंग नावाच्या झुडपाच्या काड्या घाम आणण्यासाठी आणि दम्यासाठी देत, आणि त्याच झुडपाची मुळी घाम थांबवण्यासाठी. एकाच झाडाचे दोन उलटे उपयोग ऐकून कुणालाही वाटेल की हे मनाला येईल ते सांगतात. पण तपासल्यावर काय निघालं? श्वासनलिका सैल करणारं आणि रक्तदाब वाढवणारं इफेड्रिन काड्यांमध्ये असतं. मुळीत ते नसतं, तिथे रक्तदाब उतरवणारे वेगळेच अल्कलॉइड असतात. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली इफेड्रिन वेगळं काढलं. पुढे १९२०च्या दशकात पेकिंगमध्ये चेन केहुई आणि कार्ल श्मिट यांनी त्याचा अभ्यास केला आणि ते जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. लाहौल आणि लडाखकडे उगवणारी सोमलता याच झुडपाची बहीण आहे.

आता दुसरी बाजू. हाच घटक अमेरिकेत वजन उतरवण्याच्या गोळ्यांमध्ये घातला गेला. हृदयविकार, पक्षाघात आणि मृत्यू नोंदवले गेल्यावर २००४ साली तिथल्या सरकारने अशा पूरक गोळ्यांवर बंदी आणली. परंपरेत हे औषध थोडे दिवस, वैद्याच्या नजरेखाली दिलं जायचं. बारीक होण्यासाठी महिनोन्‌महिने कुणी घेत नव्हतं.

आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाचा इतका उल्लेख का होतो? त्यात चिनी वैद्यकाचं श्रेय किती?

कारण जुन्या पोथीतून निघून थेट आजच्या दवाखान्यात पोचलेलं याहून चांगलं उदाहरण सापडत नाही.

व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामचे सैनिक मलेरियाने आजारी पडत होते आणि नेहमीच्या क्लोरोक्विनला तिथला जंतू दाद देत नव्हता. त्यांनी चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ रोजी बैठक झाली, म्हणून त्या गुप्त मोहिमेचं नाव पडलं ‘५२३’. १९६९ साली बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक संस्थेतल्या तू यूयू यांच्याकडे एका गटाची सूत्रं आली. त्यांनी जुने ग्रंथ चाळले, वैद्यांना विचारलं, दोन हजारांवर पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, गोळा केले आणि शेकडो अर्क उंदरांवर तपासले. चिंगहाव नावाच्या वनस्पतीच्या अर्काने एकदा चांगला गुण दाखवला, पण तोच प्रयोग पुन्हा केला तर गुण दिसेना.

इथे चौथ्या शतकातले वैद्य ग हाँग मदतीला आले. तातडीच्या उपचारांवरच्या त्यांच्या पुस्तिकेत तापासाठी लिहिलं होतं: चिंगहाव मूठभर घ्यावा, पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. उकळायला सांगितलेलं नव्हतं. तू यूयू यांच्या मनात आलं, उष्णतेनेच गुण जात असेल का? त्यांनी इथर वापरून कमी तापमानात अर्क काढला. इथर सुमारे ३५ अंशांवर उकळतं, त्यामुळे पाल्याला कढ लागत नाही. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले सगळे मलेरियाजंतू मारले. रुग्णांना देण्याआधी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेऊन पाहिला. १९७२ साली हाइनान बेटावर रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी शुद्ध घटक हाती आला: आर्टेमिसिनिन.

याची घडण विलक्षण आहे. रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून एक पूल तयार झालेला असतो. मलेरियाचा जंतू आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोह असलेला भाग मोकळा होतो, आणि ते लोह हा पूल तोडतं. तुटताना जे आक्रमक तुकडे निर्माण होतात ते जंतूची प्रथिनं उद्ध्वस्त करतात. म्हणजे जंतू जे खातो त्यातूनच त्याचा नाश पेटतो.

तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळालं. अर्धं त्यांना, उरलेलं अर्धं परजीवी कृमींवरच्या औषधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना. आता श्रेयाबद्दल. पोथीने दिशा दिली हे खरं, पण पोथीत तापावरचे इतर अनेक पाठही होते आणि ते तपासात टिकले नाहीत. शिवाय चिंगहाव या एका नावाखाली बाजारात एकाहून अधिक वनस्पती चालत होत्या आणि त्यातल्या एकीतच हा घटक भरपूर आहे. परंपरेने दार दाखवलं आणि प्रयोगशाळेने ते उघडलं, असं मी म्हणेन. दोघांपैकी एक वगळून ही गोष्ट सांगणं अन्यायाचं होईल.

गडचिरोलीत फॅल्सिपेरम या मलेरियाच्या जीवघेण्या प्रकाराच्या रुग्णाला आज ज्या संयुक्त गोळ्या दिल्या जातात, त्यांत याच घटकापासून केलेलं औषध असतं.

मग त्या पाल्याचा चहा करून प्यायला तर चालणार नाही का?

नाही. आर्टेमिसिनिन पाण्यात नीट उतरत नाही, आणि पाल्यात ते किती आहे हे वाण, हवामान आणि तोडणीप्रमाणे बदलतं. अपुऱ्या मात्रेत सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले निर्ढावतात. कंबोडियाच्या भागात या औषधाला दाद न देणारे जंतू आधीच सापडले आहेत. म्हणूनच ते एकटं न देता दुसऱ्या औषधाच्या जोडीने द्यावं असा दंडक आहे आणि जागतिक आरोग्य संघटना चहाला किंवा सुक्या पाल्याच्या गोळीला मान्यता देत नाही.

विषारी वनस्पती औषधात कशी वापरतात?

शिजवून. आणि इथे शिजवणं म्हणजे खरोखर रसायनशास्त्र असतं.

चिनी औषधांत फूत्झ नावाची कंदासारखी मुळी आहे. ती बचनागाच्याच कुळातली. त्यातलं अकोनिटिन इतकं जहाल की दोन-तीन मिलिग्रॅम पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो. मज्जातंतू आणि हृदयाच्या पेशींवर सोडियमची सूक्ष्म दारं असतात. ती उघडझाप करतात म्हणून ठोके नीट पडतात. अकोनिटिन ती दारं उघडीच धरून ठेवतं. आधी जीभ आणि ओठांना मुंग्या येतात, मग उलट्या, मग हृदयाची लय बिघडते. यावर उतारा नाही.

पण तीच मुळी भिजवून तास-दोन तास खळखळ उकळली की अकोनिटिनच्या रेणूला चिकटलेला एक तुकडा पाण्याने सुटून येतो. उरलेला रेणू शेकडो पटींनी सौम्य असतो. आणखी उकळलं की दुसराही तुकडा सुटतो. चिनी वैद्य ही मुळी बाकीच्या औषधींच्या आधी, एकटी, भरपूर वेळ उकळायला लावतात ते यासाठीच. आपल्या रसशाळांत बचनाग गोमूत्रात ठेवून, दुधात शिजवून शुद्ध करतात आणि मग तो त्रिभुवनकीर्तीसारख्या औषधात जातो. दोन देशांतल्या वैद्यांनी रेणू न पाहता एकाच जातीचं विष आंचेने उतरवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हाँगकाँगमध्ये अशा मुळ्यांनी विषबाधा झालेल्यांची जी वर्णनं आहेत, त्यांत कमी उकळलेला काढा किंवा जास्त घेतलेली मात्रा हे कारण वारंवार येतं. घरी हा प्रयोग कधीही करू नका.

आर्सेनिक खरंच औषध म्हणून देतात?

देतात, एका विशिष्ट रक्ताच्या कर्करोगात, रुग्णालयात, हृदयाच्या आलेखावर लक्ष ठेवून.

ज्याला आपण सोमल म्हणतो, ते आर्सेनिक ट्रायऑक्साइड. १९७०च्या दशकात हार्बिन इथल्या झांग टिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ईशान्य चीनच्या खेड्यातला एक पाठ मिळाला. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष होतं. त्यांनी एकेक द्रव्य वगळून पाहिलं आणि गुण सोमलाचा आहे हे निश्चित केलं. अॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या प्रकारात तो सर्वांत चांगला दिसला. हा आजार एकेकाळी काही दिवसांत रक्तस्रावाने माणूस नेत असे.

कारण नंतर कळलं. या आजारात दोन जनुकांचे तुकडे चुकीने जोडले जाऊन एक विकृत प्रथिन तयार होतं आणि ते रक्तपेशींना पक्व होऊच देत नाही. आर्सेनिक त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं, पेशी मग त्याची विल्हेवाट लावते. अमेरिकेत २००० साली या औषधाला मंजुरी मिळाली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाने केवळ आर्सेनिकवर रुग्ण बरे करून दाखवले, आणि आपल्यासारख्या देशात खर्चाच्या दृष्टीने ते फार मोलाचं होतं. आज कमी जोखमीच्या रुग्णांना जीवनसत्त्व ‘अ’च्या एका रूपासोबत हे दिलं की नेहमीच्या केमोथेरपीशिवायही भागतं.

यातून कुणी असा अर्थ काढू नये की सोमल किंवा हरताळ घातलेली कुठलीही पुडी कर्करोगावर चालते. (हरताळही आर्सेनिकचंच संयुग. पोथीतला चुकलेला मजकूर त्या पिवळ्या रंगाने झाकत, म्हणून आपण एखाद्या गोष्टीला ‘हरताळ फासला’ म्हणतो.) पाण्यातून अगदी थोडं आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात गेलं तरी त्वचेचे आणि मूत्राशयाचे कर्करोग होतात.

नैसर्गिक औषधाने कर्करोग किंवा किडनीचा विकार होऊ शकतो का?

होऊ शकतो, झाला आहे. या पानावरचं हे एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

१९९०च्या सुमारास ब्रसेल्समधल्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात महिलांना चिनी औषधींची कॅप्सूल दिली जाऊ लागली. तिच्यात ‘हान फांगजी’ नावाची मुळी हवी होती. आली ती ‘ग्वांग फांगजी’. उच्चारात जवळ, वनस्पती मात्र संपूर्ण वेगळी, अॅरिस्टोलोकिया कुळातली. शंभराहून अधिक जणांच्या किडन्या निकामी झाल्या. पुढे ज्यांच्या निकामी किडन्या आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढल्या अशा ३९ रुग्णांत १८ जणांना मूत्रमार्गाचा कर्करोग निघाला.

दोषी घटक अॅरिस्टोलोकिक आम्ल. ते डीएनएला जाऊन चिकटतं आणि तिथे विशिष्ट प्रकारची खूण सोडतं. तैवानमधल्या आणि बाल्कन प्रदेशातल्या रुग्णांच्या गाठींत ती खूण सापडली आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसांत कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं आहे. चीननेही २००३ साली या कुळातल्या ग्वान मूतोंगची मान्यता काढून घेतली.

हे शिजवून जात नाही आणि याची सुरक्षित मात्राही ठरलेली नाही. त्रास लगेच दिसत नाही, म्हणून परंपरेच्या नजरेतून तो सुटला. उलटी झाली तर वैद्याला दुसऱ्या दिवशी कळतं, पंधरा वर्षांनी झालेली गाठ कळत नाही. ईश्वरी किंवा सापसन ही आपल्याकडची वेल याच कुळातली आहे. ती विंचूसापावर किंवा पोटदुखीवर उगाळून देण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. कृपा करून ती पोटात देऊ नका.

एकच घटक वेगळा काढला तर बाकीच्या औषधींचा उपयोग वाया जात नाही का?

कधी जातो, कधी नाही. दारुहळदीतलं पिवळं, कडू बर्बेरिन चिनी हुआंगलियनच्या मुळीतही असतं. चीनमध्ये ते जुलाबावर गोळीच्या रूपात सर्रास मिळतं. ते आतड्यातून रक्तात फारच थोडं शिरतं, पण जुलाब थांबवायला आतड्यातच काम असतं. उलट जिनसेंगचे मोठाले रेणू आतड्यातले जिवाणू कापून लहान करतात आणि मग ते रक्तात जातात. म्हणजे कुणाच्या पोटात कुठले जिवाणू आहेत यावर गुण ठरतो. सोनामुखीचंही तसंच: तिचा घटक मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी बदलल्यावरच रेच लागतो, म्हणून रात्री घेतलेली मात्रा सकाळी काम करते.

‘सगळं मिळून काम करतं’ हे वाक्य मात्र अनेकदा तपासणी टाळण्यासाठी वापरलं जातं. एकत्रित गुण असेल तर तो एकत्रित काढ्यावर चाचणी करून दाखवता येतो.

आमच्या घरातल्या ओळखीच्या औषधी त्यात आहेत का?

ज्येष्ठमध तर आहेच. चिनी पाठांत सर्वांत जास्त वेळा येणारी ही औषधी. खोकल्यात एखादी कांडी चघळायला हरकत नाही, पण रोज, आठवडेच्या आठवडे नको. त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतल्या एका विकराला अडवतं. परिणामी शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर विशेष जपा.

दालचिनीचंही सांगायला हवं. चिनी दालचिनी जाड सालीची आणि तिखट असते. तिच्यात कुमारिन हे रसायन बरंच असतं, त्यामुळे ती दालचिनी रोज चमचाभर घेतली तर काहींच्या यकृताला त्रास होतो. पातळ सालीच्या, सिलोनी जातीत ते नगण्य असतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तेज’ वाण या दुसऱ्या जातीचं आहे. साखर उतरावी म्हणून जे लोक रोज दालचिनीची पूड घेतात, त्यांनी आपल्या डब्यात कुठली साल आहे ते एकदा बघावं.

माझ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सोबत चिनी औषध घेऊ का?

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेत असाल तर दानशेन ही लाल मुळी अजिबात नको, रक्तस्राव होऊ शकतो. बाकी औषधांसाठी नियम साधा: पुडी, बाटली, पाकीट, जे असेल ते डॉक्टरांसमोर ठेवा. ‘आयुर्वेदिकच आहे’ किंवा ‘चिनी हर्बल आहे’ एवढं सांगून भागत नाही. गरोदर बाईने आणि नवजात बाळासाठी यातलं काही परस्पर वापरू नये. बर्बेरिनने तान्ह्या बाळाची कावीळ वाढते.

ऑनलाइन मागवताना काय पाहायचं?

वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेलं अंग आणि बॅच क्रमांक. नुसतं चिनी नाव पुरेसं नाही, ब्रसेल्सची गोष्ट आठवा. सांधेदुखी चार दिवसांत पळवणाऱ्या ‘हर्बल’ गोळ्यांत स्टेरॉइड आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्यांत बंदी असलेलं सिब्युट्रामिन अनेक देशांच्या तपासणीत सापडलं आहे. फार लवकर, फार जोरात गुण आला तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्या.

गेंड्याचं शिंग, खवले मांजराचे खवले, अस्वलाचं पित्त: यांत काही घटक असतो का?

शिंग आणि खवले केराटिनचे असतात, आपल्या नखांसारखे. औषध म्हणून त्यात काही सापडलेलं नाही. चीनने २०२०च्या औषधसंहितेतून खवले मांजर काढून टाकलं.

अस्वलाच्या पित्ताची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात खरोखर घटक आहे. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल पित्ताचे काही खडे विरघळवतं आणि यकृताच्या एका जुनाट आजारात उपयोगी पडतं. त्याच्या नावातला ‘अर्सो’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. पण ते कितीतरी वर्षांपासून कारखान्यात बनतं आणि आपल्या कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतं. तरीही पिंजऱ्यात अस्वलं ठेवून पित्त काढणं चालू आहे, हे मला असह्य वाटतं.

खवल्यांची मागणी आपल्या दारापर्यंत येते. कोकणात खवले मांजर पकडून विकण्याचे प्रकार उघड झाले आहेत आणि हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तुमच्या भागात कुणी ते पकडलं किंवा विकायला काढलं असं कळलं, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.